झाकण उघडायचं नाही

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला सकाळी,
आणि दुकानासमोर चपला वाढल्या.
मोबाईलवरचा इशारा कुणी वाचत बसत नाही हर्णैत.
वर ओढलेल्या होड्या मोजतात
आणि पिशवी घेऊन निघतात.

आधी संपल्या मेणबत्त्या.
मग काडेपेट्या, टोस्ट,
मग कधीच न खपणारे ते जाड पोहेसुद्धा,
ज्यांना शिमग्यापासून मी ऊन दाखवत होते.
दोरकुळकरांची गोमा पाच किलो मीठ घेऊन गेली.
म्हटलं, एवढं कशाला गं?
म्हणाली, फ्रीजात सुरमई आहे ना, वयनी,
लाईट गेली की ती माझं ऐकणार नाही,
मिठाचं ऐकेल.

मागच्या वादळात तेवीस दिवस वीज नव्हती.
तेवीस. खतावणीत रेघा मारल्या होत्या मी,
उधारीच्या पानामागे.
चौथ्या दिवशी गावभर एकच वास,
आणि ज्याचा फ्रीज मोठा
त्याच्या दारात माशा जास्त.
तेव्हापासून सुकटीला कुणी नाक मुरडत नाही.
आमच्या फ्रीजचं तर कपाटच झालं,
त्यात पावत्या असतात
आणि यांचा एकुलता एक कोट.

दुपारी हलिमा मुकादम आली. काही मागेना.
बरणीतली गोळी उचलली, परत ठेवली.
तांदूळ आहेत म्हणाली, सोडे आहेत, आगळ आहे,
गॅस परवाच आला.
मग ओढणीआडून एक डबा काढला,
कंपासपेटीएवढा.
नातवाचं इन्सुलिन. पोर नऊ वर्षांचं.
"तेवीस दिवस," एवढंच म्हणाली.
दोघी डीप फ्रीजरकडे बघत उभ्या राहिलो.

फ्रीजर म्हणजे माझा अख्खा मे महिना:
कप, कुल्फी,
ती चॉकलेटची कांडी जी फक्त पर्यटक घेतात.
कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, माल परत घेणार नाही.
जेटीवरच्या कारखान्यात मात्र लाद्या पडून होत्या,
बोटी उभ्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही.

मी शटरवर थाप मारली आणि पोरांना हाक दिली.
पाच वाजता, आभाळ जाळ्याच्या शिशासारखं,
झावळ्या सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या,
आणि भर रस्त्यात एकोणतीस पोरं, चार खलाशी
आणि पोस्टमन कुल्फी खात उभे.
कुणी पैसे काढले नाहीत.
मीही वही काढली नाही.
गोमाच्या तान्ह्या लेकीच्या ओठाला कुणीतरी गार बोट लावलं,
तिनं असं तोंड केलं की खलाशी हसले,
उद्या होडी राहील की नाही
माहीत नसलेले खलाशी.

हातगाडीवरून बर्फ आला, भुशात लोळलेला.
खाली चार लाद्या, वर गोणपाट, वर टॉवेल,
टॉवेलात स्टीलचा डबा, डब्यात कंपासपेटी.
गोठलं तर वाया, तापलं तर वाया,
हलिमानं दोनदा सांगितलं.
मी खडूनं झाकणावर लिहिलं, उघडायचं नाही.
त्याखाली तिनं उर्दूत काहीतरी.
मी विचारलं नाही.

सातला लाईट गेली.
वारा पत्र्याखाली बोटं घालून बघू लागला.
मेणबत्ती शोधायला गेले तेव्हा आठवलं,
शेवटचं पाकीट मीच विकलंय, त्या पोस्टमनला,
सुट्टे नव्हते म्हणून वर शेवटची काडेपेटी देऊन.

हे विचारतात, आता खायचं काय?
जाड पोहे होते, म्हटलं.
अंधारातच हसले की रागावले, कळलं नाही.

पाठ फ्रीजरला टेकून बसलेय.
आत मधूनच टक् वाजतं,
लादीला तडा जात असावा.
तळहात लावून बघते. गार आहे.
थोड्या वेळानं पुन्हा लावते.
खतावणी हाताला लागत नाहीय,
म्हणून पहिली रेघ नखानंच मारली, भिंतीच्या चुन्यावर,
वाकडी आली असणार.
उजाडलं की बघू.